पाव सेकंद

तार मीच बांधली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला बिचारी म्हणणार नाही.

आमच्या ऐंशी टनी प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा पंच खाली यायचा. दोन्ही हात बटणांवर म्हणजे खालच्या डायमध्ये, साच्यात, एकही हात नाही, असा बनवणाऱ्याचा विचार. पण दोन्ही हात बटणांवर ठेवले तर पत्रा सरकवायचा कोणी? तासाला सातशे नग काढायचे तर एक हात मोकळा लागतो. म्हणून आम्ही सगळेच पाळी सुरू झाली की डावं बटण दाबायचो आणि त्यावर बारीक तार आवळून टाकायचो. सुपरवायझर जगदाळे ते बघून न बघितल्यासारखं करायचा. तारेची गुंडाळी त्याच्याच खणात असायची.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला पत्रा जरा तिरका बसला. तो सरळ करायला माझा डावा हात आत गेला आणि उजवा हात सवयीने बटणावर पडला. प्रेस चावला तेव्हा दुखलं नाही. नेहमीचा आवाज आला, फक्त थोडा ओला. मधली तीन बोटं गेली. कापलेल्या नगांबरोबर ती खालच्या पेटीत पडली आणि मी वेड्यासारखी त्या नगांत हात घालून ती शोधायला लागले.

जगदाळे धावत आला. त्याने आधी माझा हात पाहिला नाही. खिशातून पक्कड काढली, बटणावरची तार कापली, खिशात टाकली आणि मग ओरडला, "अरे, गाडी बोलवा!"

माझा नवरा बळीराम तीन प्रेस सोडून कामाला होता. त्याने ती तार खिशात जाताना पाहिली. तो आला आणि त्याने जगदाळेच्या तोंडावर ठोसा मारला. जगदाळेचा पुढचा दात तुटून माझ्याच पेटीत पडला. दवाखान्याच्या गाडीत मला हसू येत होतं. म्हटलं, आता डॉक्टरला पेटीतून माझं काय आणि त्याचं काय ते निवडावं लागणार.

बोटं बसली नाहीत.

*

कामगारांच्या दवाखान्यात सोमवारी हातांचा दिवस असे. बाकावर ओळीने बसलेले सगळे आमच्यासारखेच, कोणाचं एक बोट गेलेलं, कोणाचा पंजा. मोठ्या कारखान्यांत तोवर रोबोट आले होते. आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये अजून माणसाचेच हात चालत. त्या बाकावर मी लोकांना नाव-गाव विचारायच्या आधी 'किती टनी?' असं विचारायला शिकले.

आमच्या शेडमध्ये अशा माणसाला 'चावलेला' म्हणत. चावलेल्याचा हातमोजा कोणी घालत नसे. पाळीच्या सुरुवातीला त्याच्या हातून कोणी पाणी घेत नसे. प्रेसला रक्ताची चव लागली की तो त्याच वाटेने दुसऱ्याकडे येतो, असा समज होता.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी माझ्या कोपराखाली चिकटपट्ट्या लावल्या आणि म्हणाल्या, "गेलेली बोटं मिटून दाखवा." मला वाटलं थट्टा करतायत. पण मी मनातल्या मनात बोटं मिटली आणि समोरच्या पडद्यावर लाट उठली. बोटं नव्हती, पण त्यांना ओढणारे स्नायू वर कोपरापाशी शाबूत होते. हुकूम आला की ते अजून आवळत होते.

मग त्या म्हणाल्या, "आता अख्खा हात पुढे करा." मी केला. आणि मला काहीतरी दिसलं.

"बाई, लाट आधी उठली. हात नंतर हलला."

"तसंच असतं. मेंदूचा हुकूम स्नायूत विजेच्या रूपाने आधी येतो. मग स्नायू आवळतो, मग हाड हलतं. मध्ये सेकंदाचा बारावा हिस्सा जातो. ढगात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, तसं."

मी घरी जाईपर्यंत तेवढ्याचाच विचार करत होते. हात निघण्याआधी तो निघणार हे कळतं. मग मला कळतं ते प्रेसला का कळू नये?

*

सोळा आठवड्यांचा कोडिंगचा वर्ग पुण्यात, एका बंद पडलेल्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर भरायचा. काम सुटलेल्या बायकांसाठी त्यात चार जागा राखीव होत्या. तोवर प्रोग्राम हाताने टंकावा लागत नव्हता. मराठीत बोलायचं, मशीन लिहून घ्यायचं. मी अक्षर शिकले तेच अडतिसाव्या वर्षी, त्यामुळे हे माझ्यासाठीच निघाल्यासारखं वाटलं.

बळीरामला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"कोडिंग म्हंजे? शिवणक्लासासारखं?"

"तसंच समजा."

"बोटं गेली, आता डोकं बी जाणार तुझं."

"डोकं बोटांत नव्हतं माझं."

त्याने ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर उडाली. तो उठला आणि त्याचा हात वर गेला. मी पोळपाटावरचं लाटणं उचललं आणि उगारलेल्या त्या मनगटावर ताडकन मारलं. अठरा वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच मारलं. तो मनगट चोळत उभा राहिला आणि अचानक खो खो हसला.

"उजव्यात जोर हाय की गं अजून!"

बळीराम असा होता. गावच्या तालमीत वाढलेला. अठरा वर्षं प्रेसवर आणि नखसुद्धा तुटलेलं नाही. प्रेस चालू असताना डायमधला पत्र्याचा कीस फुंकर मारून उडवायचा. लोक म्हणायचे, याला भीतीचं हाडच नाही. मला त्याच्या त्या हातांचा अभिमान होता, आणि माझी बोटं गेल्यापासून त्यांचा रागही येत होता.

*

वर्गात माझ्या निम्म्या वयाची मुलं. पहिल्या आठवड्यात सगळे माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचे. दुसऱ्या आठवड्यात मास्तरीण ईशानी मॅडम म्हणाल्या, "सत्यभामाताईंसारखं सांगायला शिका. त्या एकही पायरी गाळत नाहीत." त्यात कौतुक कसलं? डाय बांधताना पायरी गाळली की जीव जातो. आधी मेन बंद, मग टेबल पुसा, मग खालचा डाय, मग बोल्ट. मी मशीनशी तशीच बोलायची.

पुष्कर नावाचा एक मुलगा माझ्या शेजारी बसायचा. तोंडाचा फटाका. माझी कल्पना ऐकून टेबलावर चढायचाच बाकी राहिला. "भामाताई, हा स्टार्टअप आहे! तुम्ही हात, मी तोंड."

अडचण एकच होती. धावत्या प्रेसला ब्रेक लागल्यावर थांबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. स्नायूची वीज बाराव्या हिश्श्याइतकीच आधी कळते. म्हणजे इशारा मिळेल, प्रेस थांबायला निघेल, पण तोवर बोटं गेलेली. आम्हाला निदान पाव सेकंद हवा होता.

त्यासाठी शिकणारा प्रोग्राम लागतो. त्याला काय बघायचं ते सांगत नाहीत. हात आत गेला त्याच्या हजारो नोंदी त्याच्यापुढे टाकायच्या. प्रत्येक वेळी हात जाण्याच्या आधी काय काय झालं ते तो चाळतो आणि जे सगळ्यात आधी दिसतं ते धरून ठेवतो. ते का दिसलं, हे तो विचारत नाही.

मला नोंदी हव्या होत्या. शेडमधल्या चांगल्या हातांच्या माणसांना विचारलं. कोणी पाळी सोडून यायला तयार नव्हतं आणि जे येऊ शकत होते त्यांनी कोपराखाली बांधायचा, स्नायूची वीज टिपणारा आमचा पट्टा पाहून हात मागे घेतले. बळीराम तर तोंडावरच म्हणाला, "चावलेल्यांचा पट्टा मी न्हाई घालायचा. माझ्या हाताला नजर लावतीस का?"

म्हणून मी सोमवारच्या बाकावर गेले. तिथे कोणी नाही म्हटलं नाही. अकरा जण आले, बारावी मी. बंद मॉलच्या गाळ्यात पाच टनी छोटा प्रेस आणून ठेवला, वर पंचाच्या जागी रबर लावला आणि आम्ही बारा जण दीड महिना त्यात हात घालत राहिलो. एकाला पहिल्या दिवशी ओकारी झाली. एक जण दर वेळी हात घालताना डोळे मिटायचा. पण आले सगळे. ज्याने एकदा गमावलंय तोच दुसऱ्याचं वाचावं म्हणून येतो, असं मला वाटलं. मी त्यांना जिलेबी खाऊ घातली.

आणि पाव सेकंद मिळाला! पट्टा 'टुं' असा वाजायचा आणि मग हात निघायचा. पुष्करने मला उचलून गोल फिरवलं.

ईशानी मॅडम मात्र पडद्याकडे बघत बसल्या. "ताई, स्नायू बाराव्या हिश्श्याइतकीच बातमी देतो. वरचा वेळ आला कुठून?"

"मॅडम, रिझल्ट बघा ना!" पुष्कर म्हणाला.

"रिझल्टच बघतेय. आपण न दिलेलं काहीतरी हा प्रोग्राम शिकलाय. काय शिकलाय?"

मी म्हणाले, "आमच्या हातांना कळतं मॅडम. सोसलेले हात आहेत."

किती खरं बोलले होते मी, आणि मलाच कळलं नाही.

*

वर्गाच्या डेमोच्या दिवशी रबर काढून खरा पंच लावला आणि मी आधी प्रेसमध्ये गाजर घातलं. गाजराचा लगदा झाला. मग मी माझा राहिलेला, पाच बोटांचा उजवा हात दहा वेळा आत घातला. दहाही वेळा पट्टा वाजला आणि पंच हातावर चार बोटं उंच थांबला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या गर्दीत आमच्या शेडचे मालक मोहोळकर होते.

त्यांनी चाळीस प्रेससाठी पट्टे घेतले. माझी बोटं गेल्यावर प्रेसच्या तोंडाशी किरणांचा जो पडदा बसवला होता, ज्यात हात आडवा आला की प्रेस थांबतो, तो आता काढून टाकायचं त्यांनी ठरवलं. पडदा दर मिनिटाला प्रेस अडवतो, पट्टा गरजेलाच अडवेल, म्हणजे नग दीडपट. प्रोग्रामचा कारभार पुष्करने हातात घेतला. मी सहीच्या जागी सही केली. स्वतःची सही करताना मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

बळीराम तर बदललाच. चहाच्या टपरीवर सांगायचा, "माझी बायको प्रेसला वेसण घालती." एक दिवस स्वतःहून म्हणाला, "दसऱ्याला पट्ट्यांची सुरुवात माझ्या हातानं व्हायला पायजे. बायकोचा पट्टा, नवऱ्याचा हात." मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले. पण आनंदाने.

खंडेनवमीला शेड बंद असते. प्रेसला हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, प्रत्येक डायपुढे नारळ. पूजा झाल्यावर बळीरामने आपला नवा पट्टा फुलं वाहून हातात चढवला. दुपारी घरी आलो. मी पुरणपोळ्यांसाठी पोळपाट मांडला होता. त्याला लहर आली.

"चल, बघू तुझा पट्टा. तू लाटणं उगार, मी पोळपाटावर हात घालून काढतो. आधी वाजतो का बघू."

आम्ही पोरांसारखे खेळायला बसलो. मी लाटणं वर धरलं. त्याने हात घातला. टुं. आवाज आणि हात बरोबर आले. मी हलकं मारलं, लाटणं त्याच्या बोटांवर बसलं.

"उशीर झाला की गं!"

"परत घाला."

परत तेच. तिसऱ्यांदा, सातव्यांदा, तेच. हात पोळपाटावर आल्यावर पट्टा वाजायचा. मी पट्टा काढून माझ्या हातात घातला आणि त्याच्या हाती लाटणं दिलं. मी नुसता हात घालायचा विचार केला आणि पट्टा वाजला. हात अजून मांडीवर होता.

मी पट्टा परत त्याला घातला.

"आता जोरात मारणार आहे."

"मार की," तो हसत म्हणाला. त्याचे खांदे सैल होते. श्वास संथ. तो माझ्याकडे बघत होता, लाटण्याकडे नाही.

मी मारलं. जीव खाऊन मारलं. त्याच्या करंगळीचं हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तो किंचाळला, मला शिवी दिली, हात काखेत दाबून लोळला.

"परत घाला," मी म्हणाले.

"खुळी झालीस का?"

"बळीराम, परत घाला हात. एकदाच."

मी त्याला नावाने हाक मारल्यामुळे असेल, तो उठून बसला. त्याने हात उचलला. आणि हात हलण्याच्या पुरत्या पाव सेकंद आधी पट्टा वाजला.

मी पुन्हा घालायला लावलं. पुन्हा आधीच वाजला. मी लाटणं खाली टाकलं तरी तो आधीच वाजत राहिला.

माणूस घाबरला की हात निघायच्या आधी मान आखडते, खांदा उचलतो, कोपराचे स्नायू एकमेकांना ओढून धरतात. जायचंय आणि जायचं नाही, असे दोन हुकूम एकदम सुटतात. आम्हा बाराही जणांना प्रेस चावलेला होता. आमच्यापैकी एकाचाही हात न घाबरता आत गेला नव्हता. प्रोग्रामने सगळ्यात आधी दिसलेली गोष्ट धरली होती. त्याला हात ओळखता येत नव्हता. त्याला भीती ओळखता येत होती. आणि चाळीस प्रेसवर उद्या बसणार होते ते न चावलेले, तरणे, न घाबरणारे हात.

मी बळीरामला सांगितलं. त्याने सुजलेल्या करंगळीकडे पाहिलं.

"म्हंजे मी भ्यालो, असं म्हणतीस?"

"होय. आणि भ्यालात म्हणूनच पट्टा आधी वाजला."

"बळीराम सुरवसे भेत न्हाई," तो म्हणाला. "उद्या मीच हात घालणार."

*

दसऱ्याच्या सकाळी मी आधी प्रोग्राम बंद करायला बघितला. मशीनने माझा आवाज ओळखला, नमस्कार केला आणि परवानगी पुष्करकडे असल्याचं सांगितलं. ईशानी मॅडमना फोन केला. त्यांनी नोंदी पाहिल्या आणि त्या दोनच शब्द बोलल्या, "थांबवा, ताई."

मोहोळकरांच्या केबिनमध्ये पुष्कर नवा सदरा घालून बसला होता. मी सगळं सांगितलं.

"भामाताई, एका माणसाच्या, लाटण्याच्या नोंदी!" तो म्हणाला. "बारा जणांच्या नऊ हजार नोंदी आहेत आपल्याकडे."

"बारा नाहीत रे," मी म्हणाले. "एकच माणूस बारा वेळा आहे. सगळे चावलेले."

"मग हाताऐवजी हातातली काठी आत घालून बघू," मी पुढे म्हणाले. "शेडमधली ती मुमताज कशालाच भीत नाही. तिला पट्टा घाला, हातात काठी द्या."

"काठीला स्नायू नसतो," मोहोळकर म्हणाले. "पट्टा हाताचा आहे. काठी कापली गेली तर बोंब तुम्हीच मारणार. बाई, तुमचंच यंत्र आहे. सणाच्या दिवशी अपशकुन करू नका."

मी त्यांच्या टेबलावरचा पेढ्यांचा पितळी डबा उचलून संगणकावर घातला. पडदा फुटला. पुष्करने मला धरलं, मी त्याच्या हाताला कडकडून चावले. जगदाळे आणि एक रखवालदार आले. जगदाळेने माझा थोटा हात पाठीमागे पिरगळला. त्याचा नवा दात चकाकत होता. "तुझ्या नवऱ्याचं देणं होतं माझ्याकडं," तो कानात म्हणाला आणि अजून पिरगळला. मला शेडच्या कोपऱ्यात, झेंडूच्या पाट्यांपाशी उभं केलं.

प्रेस सुरू झाला. त्या दिवशी तो न थांबता चालवायचा होता, पंच वर-खाली, वर-खाली. समोर कॅमेरा. किरणांचा पडदा काढून भिंतीला टेकवला होता. बळीराम पुढे आला. करंगळीला त्याने पट्टी बांधलेली नव्हती, लपवली होती.

आयुष्यात मी देवाकडे नवऱ्यासाठी पुष्कळ मागितलं. त्या दिवशी भीती मागितली.

त्याने हात उचलला. टुं. पंच अधांतरी थांबला. शेड टाळ्यांनी भरली. बळीराम मागे फिरला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो का वाचला ते त्या शेडमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"आता एक बाई पाहिजे!" पुष्कर ओरडला. "व्हिडिओला बाई पाहिजे!"

पंच पुन्हा वर-खाली व्हायला लागला आणि मुमताज पुढे झाली. बावीस वर्षांची, शेडमधली सगळ्यात चपळ. तासाला आठशे काढायची. सणाची सुट्टी म्हणून नखं रंगवलेली. पट्टा चढवता चढवता मैत्रिणींना म्हणाली, "बघा गं, नेलपॉलिश सुद्धा उडत नाही." सगळ्या हसल्या. तिचे खांदे सैल होते. तिचा श्वास संथ होता.

"मुमताज, नको!" मी ओरडले. रखवालदाराने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग तो हात निघाला, कारण बळीरामने त्याला मागून मानेला धरून झेंडूच्या पाट्यांवर आपटलं होतं. जगदाळे मध्ये आला. बळीरामने त्याच्या पोटात गुडघा घातला.

"जा," तो मला म्हणाला.

मी धावले. मुमताजचा हात निघाला होता. मी तिला खांद्याने धडक दिली. ती फरशीवर पडली, तिचं कपाळ फुटलं. प्रेसच्या तोंडाशी आता मी होते. माझाही पट्टा हातात होता, सकाळी सगळ्यांना घातला तसा. पंच वर चालला होता.

मी तेव्हा तिला वाचवलं एवढ्यावरच थांबू शकले असते. पण मला खेड्यातून येणारी पोरं दिसत होती, पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, सगळी हसत हात घालणारी. इथे कोणी सांगितलेलं ऐकत नव्हतं. दाखवलेलंच बघत होतं. मला मुमताजची नखं आठवली आणि मन एकदम शांत झालं. तालमीतला गडी लंगोट आवळून झाल्यावर होतो, तसं. मान आखडली नाही. खांदा उचलला नाही.

मी उजवा हात डायमध्ये ठेवला.

पंच खाली आला. आवाज नेहमीचा, थोडा ओला.

आणि मग, त्याच्या नंतर, टुं.

सगळ्यांनी ऐकलं तो आवाज. चाळीस माणसांनी. नंतर वाजला हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मुमताज फरशीवर बसल्या बसल्या किंचाळत होती. कोणीतरी मेन बंद केला. मुमताजने ओढणी काढून माझ्या मनगटाला करकचून बांधली. तिच्या कपाळाचं रक्त माझ्या हातावर गळत होतं. पुष्कर भिंतीला धरून ओकत होता.

तेवढ्यात मला जगदाळे दिसला. वाकून, पोट धरून तो प्रेसपाशी आला होता. त्याची नजर माझ्या हातातल्या पट्ट्यावर होती. खिशातून तीच पक्कड निघाली.

बळीरामने मोठा पाना उचलला आणि माझ्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला.

"पट्ट्याला हात लावायचा न्हाई."

"अरे, बाई मरेल," जगदाळे म्हणाला. "गाडीत तरी घालू."

"गाडीत घाला. पट्टा तिच्या हातात ऱ्हाईल. प्रेस असाच ऱ्हाईल. त्यावरचं रगत बी कुणी पुसायचं न्हाई. सरकारचा माणूस येईस्तोवर मी हितनं हलत न्हाई."

मोहोळकर काहीतरी बोलायला पुढे आले. बळीरामने पाना प्रेसच्या अंगावर मारला. शेड दणाणली. मग मागच्या ओळीतल्या एका माणसाने आपला पट्टा सोडला आणि प्रेसवरच्या झेंडूच्या माळेत अडकवला. मग दुसऱ्याने. मोहोळकर जिथे होते तिथेच थांबले.

मला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा बळीराम माझ्यावर वाकला. पाना त्याने सोडला नव्हता.

"भामा, हात घालताना भ्या न्हाई वाटलं तुला?"

मी मान हलवली. नाही.

त्याने सगळ्या शेडकडे पाहिलं. ज्या लोकांनी अठरा वर्षं त्याला डायमध्ये फुंकर मारताना पाहिलं होतं, त्यांच्याकडे.

"मला वाटलं व्हतं," तो मोठ्याने म्हणाला. "म्हणून माझा हात ऱ्हायला. लिहून घ्या कुणीतरी."